‘दोन मिनिटं बोलायचंय, काहीतरी सुचवा’ याची मागची गोष्ट

ठाण्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे भाषणांचा सीझन. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला, सोसायटीचं गॅदरिंग, ऑफिसात कोणाचा तरी निरोप समारंभ, आणि मग ग्रुपवर ठरलेला मेसेज, "दोन मिनिटं बोलायचंय, काहीतरी सुचवा ना". लगेच कोणीतरी रेडीमेड भाषण फॉरवर्ड करतं, तेच मागच्या वर्षी दुसऱ्याने वाचून दाखवलेलं असतं. आपला समज असा की जुन्या लोकांना आपोआप सुचायचं, जिभेवर सरस्वती नाचायची वगैरे. जरा मागे जाऊन बघितलं तर तसं फारसं दिसत नाही, बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी विचारलेलं असतं, नाहीतर समोर माणसं येऊन बसलेली असतात नि बोलणं भाग असतं.

कीर्तनच घ्या. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला, म्हणजे पहिल्या भागात, एक अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, मग नामाचा गजर, बुवांना हार-बुक्का, आणि उत्तररंगात तोच मुद्दा गळी उतरवणारं आख्यान. सांगाडा ठरलेला, त्यामुळे बुवांना रोज शून्यातून काही काढावं लागत नसे, त्या गावचा पाऊस, भावकीतली भांडणं, समोर डुलक्या काढणारे आजोबा, सगळा माल तिथेच मिळायचा.

सभेत उभं राहून बोलायची आजची पद्धत मात्र इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतल्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तिच्या मराठी नि गुजराती ज्ञानप्रसारक सभांमधून निबंध वाचले जायला लागले. पुण्यात 1875 ला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती वक्तृत्वोत्तेजक सभा अजून चालवते. 1893 ला लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सव चौकात आणला आणि मग काय, दहा दिवस रोज संध्याकाळी कोणीतरी वक्ता हवाच!

त्याच 1893 च्या 1 जूनला ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. विशीतले विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्यासारखी मंडळी यामागे होती, ज्यांना मराठीतलं छापलेलं सगळं एका जागी हवं होतं. मुंबईचं ग्रंथ संग्रहालय 1898 चं, म्हणजे यात ठाणं मुंबईच्या पाच वर्षं पुढे, हे आम्ही ठाणेकर संधी मिळेल तिथे ऐकवतोच. पण खरी गंमत पुढे आहे. हेच भावे पुढे जुन्या मराठी कवींच्या मागे लागले, पोथ्या जमवल्या आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहून बसले. आधी गोळा केलं, मग लिहायला विषय मिळाला. आपण उलटं करतो, कोरं पान उघडून वाट बघत बसतो.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते कल्याणच्या यमुनेचं भाषण, म्हणजे आनंदीबाई जोशींचं (यमुना हे त्यांचं माहेरचं नाव). फेब्रुवारी 1883, बंगालमधलं सेरामपूर कॉलेज, बाईंचं वय अजून अठरा पूर्ण नाही, आणि बोलायचं इंग्रजीत. अमेरिकेला डॉक्टर व्हायला जाणार म्हटल्यावर लोकांनी भंडावून सोडलेलं होतं. बाईंनी काय केलं, तर लोकांचे तेच प्रश्न घेतले नि भाषण त्यांच्यावरच उभं केलं. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? काही बरंवाईट झालं तर? आणि जे कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करायचं? सहा प्रश्न, एकेकाला सरळ उत्तर. ना अलंकार शोधत बसल्या, ना सुविचार. टोमणे मारणाऱ्यांनीच मुद्दे काढून दिले म्हणायचे!

स्वतःबद्दल लिहिण्याचंही तसंच. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा जवळजवळ नाहीच. मुलाला वडिलांचं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, चरित्र लिहायचं होतं म्हणून त्याने आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणी लिहिता लिहिता ‘स्मृतिचित्रे’ झालं, पहिला भाग 1934 चा, नि आज रेव्हरंडांच्या चरित्रापेक्षा लोक बाईंचंच पुस्तक वाचतात. "आता मी आत्मचरित्र लिहिते" म्हणून त्या बसल्या असत्या तर इतकं मोकळं आलं असतं का, मला शंका आहे.

हल्ली ऑफिसवाले टोस्टमास्टर्सला, म्हणजे भाषणाचा सराव करायच्या क्लबला, जातात. ते 1924 ला कॅलिफोर्नियातल्या सांता आनाच्या वायएमसीएत राल्फ स्मेडलींनी सुरू केलं. त्यातलं टेबल टॉपिक्स म्हणजे आयत्या वेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावणं, आपल्याकडच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत चिठ्ठी उचलतात तसंच. चिठ्ठीत ‘छत्री’ आली की हुशार पोरं छत्रीची व्याख्या सांगत नाहीत, ठाण्याच्या तलावपाळीला भर पावसात बाबांची छत्री उलटी झाली नि सगळे हसले तिथून सुरुवात करतात. पाठ करून आलेला मात्र छत्रीवरून तीन वाक्यांत ‘माझा भारत महान’ला पोचतो, आणि परीक्षक पेन खाली ठेवून घड्याळ बघतात.