पडद्यावरची फरपट फोटोत पकडताना

वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी नीट वाचायला गेलं की अक्षरांच्या कडा फरपटल्यासारख्या दिसतात. मोबाइल स्थिर धरून त्याच पट्टीचा फोटो काढला, तर अक्षरं एकतर ठसठशीत येतात, नाहीतर दोन-तीनदा उमटलेली. डोळ्याला दिसलं ते फोटोत येतच नाही.

कारण ही फरपट निम्मी डोळ्यात घडते. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा पडदा एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत, म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ते जागच्या जागी धरून ठेवतो. पट्टी खरं तर सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारते. आपली नजर मात्र तिच्यामागे अखंड फिरत असते. चित्र थांबलेलं आणि डोळा फिरता, त्यामुळे ते दृष्टिपटलावर घासत जातं. वेग सेकंदाला ९६० पिक्सेल असेल, तर ही घसट १६ पिक्सेलची. ओएलईडी पडद्याचे, म्हणजे स्वतः उजळणारे, पिक्सेल क्षणार्धात रंग बदलतात, तरी ६० हर्ट्झवर असा पडदाही यातून सुटत नाही. मॉनिटरच्या खोक्यावर मिरवलेलं ‘१ मिलिसेकंद’ बहुतेक वेळा रंग बदलण्याचं असतं, चित्र धरून ठेवण्याचं नव्हे. जाहिरातीत हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

तेव्हा कॅमेराही नजरेसारखा फिरवायला हवा. प्रयोगशाळांत त्यासाठी मोटरवर चालणारी महागडी यंत्रणा असते. घरी साधा स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरळ रेषेत सरकवायची पट्टी, पुरतो. तोही नसेल तर टेबलावर लाकडी पट्टी घट्ट बसवायची आणि तिला टेकवून फोन पडद्याला समांतर सरकवायचा. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ९६० पिक्सेल म्हणजे अर्धी रुंदी, सुमारे २६ सेंटिमीटर. तेवढं अंतर एका सेकंदात, एकसारख्या वेगाने कापायचं. फोकस आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) मॅन्युअलवर, शटर १/१५ सेकंद उघडं. एवढ्यात ६० हर्ट्झची बरोबर चार चित्रं मावतात. १२० हर्ट्झला १/३० ठेवायचं.

पण हाताचा वेग अचूक होता हे कळणार कसं? पडद्यांच्या चाचण्या करणाऱ्या ‘ब्लर बस्टर्स’च्या ‘टेस्टयूएफओ’ या संकेतस्थळावरची युक्ती मला फार आवडते. तिथे बातम्यांच्या पट्टीऐवजी उडत्या तबकडीचं चित्र सरकतं. तिच्यासोबत छोट्या खुणाही सरकतात आणि दर रिफ्रेशला, म्हणजे दर नव्या चित्राला, एक पायरी खाली उतरतात. वेग जुळला तर फोटोत चारही खुणा एकाखाली एक, शिडीसारख्या उभ्या येतात. हात रेंगाळला किंवा घाईत गेला की शिडी तिरकी होते. तिरकी शिडी आली की फोटो सरळ रद्द! बर्स्ट मोडवर भराभर फोटो काढून त्यांतला एखादाच ठेवायचा.

तो एक मात्र बोलका असतो. तबकडीमागे उजळ कडा दिसली, तर मॉनिटरचं ‘ओव्हरड्राइव्ह’, म्हणजे पिक्सेलना रंग लवकर बदलायला लावणारं सेटिंग, जास्त झालंय. ते एक पायरी कमी करायचं आणि पुन्हा फोटो घ्यायचा.