आजारावरची व्यंगचित्रे (मुंबई)

मधुमेह, रक्तदाब, संधिवात, अपस्मार असे जन्मभर सोबत राहणारे आजार लोकांना कळावेत म्हणून काढलेली हास्यचित्रे, चित्रपट्ट्या व भित्तिपत्रके. चित्रकथा आणि वैद्यक यांच्या या सांध्याला ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव ब्रिटिश डॉक्टर व चित्रकार इयन विल्यम्स यांनी 2007 मध्ये दिले.

मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शरीरातले वैगुण्यही. टक्कल, ढेरी, लंगडणे यांवर हशा मिळवण्याची या कलेची खोड जुनी आहे. त्यामुळे आजारावर चित्र काढायला बसले की आधी ठरवावे लागते, हसायचे कोणाला? जमलेल्या चित्रात हसू रुग्णाच्या वाट्याला येत नाही, भोवतालच्यांवर उलटते. समजा, लग्नाची पंगत आहे. यजमान एका पाहुण्याच्या ताटात आग्रहाने जिलेबी वाढतोय, “एकाने काय होतंय?” पुढच्या चौकटीत तोच यजमान शेजारच्याच्या कानात: “शुगर आहे त्यांना, तरी बघा कसे खातात!” मधुमेहावरचे व्याख्यान याहून फारसे वेगळे काही सांगत नाही.

खरी कसोटी न दिसणाऱ्या दुखण्यांची. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे. पण हातीपायी धड दिसणारी तरुण मुलगी आत शिरली की नजरा वळतात. थकवा किंवा सांधेदुखी फोटोत येत नाही, रेषेत येते: मानेवर सिमेंटची गोण, गुडघ्यात ठोकलेले खिळे, सकाळी सातलाच लाल झालेली मोबाइलची बॅटरी. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्याला ही शेवटची खूण वेगळी समजावून द्यावी लागत नाही. रक्तदाब मात्र चित्रकाराला दाद देत नाही. दुखतच नाही तर काढायचे काय? नि दुखत नाही म्हणूनच गोळी बंद करणारेही बरेच.

व्यंगचित्राची परंपरा शहरात भक्कम आहे. ‘मार्मिक’ 13 ऑगस्ट 1960 रोजी इथेच निघाले, आणि महापालिकेने 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेला नाव आहे ते त्याच्या संस्थापक व्यंगचित्रकाराचे, बाळासाहेब ठाकरे यांचे; अर्थात व्यंगचित्रांसाठी नव्हे. 2002 च्या अखेरीस मुंबईत झळकलेली ‘बलबीर पाशा’ ही एड्सविषयक मोहीम व्यंगचित्रांची नव्हती, तरी तिची युक्ती व्यंगचित्रकाराचीच म्हणावी लागेल. बलबीर पाशा कधी दिसलाच नाही. फलकांवर लोक फक्त त्याची चर्चा करत, आणि चेहरा नसल्याने तो कोणीही असू शकत होता.

खूण चुकली की काय होते, याचा नमुना देशभर पाहायला मिळाला. 2009 मध्ये तंबाखूच्या पुड्यांवर चित्रमय इशारे आले तेव्हा खाण्याच्या तंबाखूवर विंचू छापला गेला. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा. विंचू म्हणजे वृश्चिक. पुडी फोडणाऱ्याला ते कंपनीचे बोधचिन्ह वाटले तर दोष त्याचा नव्हे. पुढे विंचू गेला आणि रोगग्रस्त तोंडाचे फोटो आले.

अशा चित्रांची हक्काची जागा म्हणजे ओपीडीबाहेरची भिंत. केसपेपर हातात धरून तासभर रांगेत उभ्या माणसाला वाचायला दुसरे काही नसते. अडचण एकच. दीर्घ आजाराचा रुग्ण गोळ्यांसाठी दर महिन्याला त्याच रांगेत येतो, आणि तिसऱ्या खेपेला विनोद शिळा झालेला असतो.