सकाळी कंबर आखडते, हालचाल केली की सुटते, अशांसाठी

पाठ दुखली की घरचा सल्ला ठरलेला: "चार दिवस पडून राहा." अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये नेमकं पडून राहिल्यानेच दुखणं वाढतं. मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा हा संधिवात बहुधा चाळिशीच्या आत, पुष्कळदा विशीतच सुरू होतो. "या वयात कसला संधिवात?" म्हणत मग वर्षं मलम चोळण्यात जातात.

पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास तरी कंबर सुटत नाही, कळ कधी या कुल्ल्यात तर कधी त्या, आणि कामाला लागलं की बरं वाटतं. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा, मग व्यायाम शिकायला आमच्याकडे या. व्यायाम औषधाच्या जोडीने करायचा असतो, औषधाऐवजी नाही. (एचएलए-बी२७, म्हणजे या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच असं नाही. नुसता तो कागद पाहून झोप उडवून घेऊ नका.)

पहिल्या भेटीत आम्ही टेप काढतो. पूर्ण श्वास सोडून मग भरून घेतला की छाती साधारण ५ सेंमी तरी फुगायला हवी. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का, की मध्ये बोटं जातात? हे आकडे तुमच्या वहीत लिहून देतो. आज बरं वाटतंय की नाही हे दिवसागणिक बदलतं, वहीतल्या आकड्यांवरून मात्र खरी दिशा कळते.

घरी काय करायचं? सकाळी गरम पाण्याने अंघोळ किंवा १५ मिनिटं शेक, मग लगेच व्यायाम. नुसता शेक घेऊन परत पांघरुणात शिरलात तर उपयोग नाही. रोज पालथं झोपा. सुरुवातीला ५ मिनिटं, हळूहळू २० पर्यंत. पाठीला पोक येऊ नये म्हणून हे सगळ्यात सोपं, आणि लोक सगळ्यात आधी सोडतात तेही हेच. उशी पातळ घ्या. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत असाल तर अर्ध्या तासाने उठा. पोहणं फार चांगलं. सिगारेट सोडाच.

मान-पाठ कडकन मोडून 'मोकळी' करून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. जुन्या आजारात मणके एकमेकांना जुळून ठिसूळ झालेले असू शकतात; झटक्याने मोडू शकतात. म्हणून कधी पडलात, किंवा खड्ड्यात गाडी आदळून पाठीत नवीन कळ आली, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. हे याच आजारातून होऊ शकतं.

रोज आमच्याकडे यायची गरज नाही. व्यायाम अंगवळणी पडले की तीन महिन्यांनी मोजायला या. येताना रिपोर्ट, वही आणि सैल कपडे. शक्यतो दर वेळी त्याच सुमाराला या. सकाळचं अंग आणि संध्याकाळचं अंग टेपवर वेगळं दिसतं.