धारवाडची गाडी आणि पालकत्वाचा कागद

‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे,’ ही बेळगावातली जुनी थट्टा. तिथलं मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीतलं. तेव्हा दोन्ही गावं मुंबई इलाख्यात होती. 1956 मध्ये जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, थट्टा मागे राहिली. 2008 पासून उच्च न्यायालयाचं पीठही धारवाडात आहे. त्यामुळे मतिमंद किंवा मनोरुग्ण मुलाच्या पेन्शनचा वाद कोर्टात गेला, की खानापूर-निपाणीच्या आईबापांना गाडी धारवाडचीच.

वाद कोर्टात जातो तो बहुतेक एका प्रश्नावरून: अशा सज्ञान मुलाच्या वतीने सही कोणाची चालणार? 1912 च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ या एकाच शब्दात मतिमंद आणि मनोरुग्ण दोघेही कोंबले होते. 1987 च्या कायद्याने मतिमंदांना बाहेर काढलं; मनोरुग्णाला मात्र जिल्हा न्यायालय पालक नेमून देई. मतिमंदांची सोय 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने केली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगताही त्यातच. अठरा वर्षं उलटल्यावर अशा मुलाचा पालक जिल्हाधिकारी असलेली तिघांची समिती नेमते. मनोरुग्णाला हा दरवाजा नाही. त्यात 1987 चा कायदा रद्द करून 2018 मध्ये जो नवा अमलात आला, त्यात पालक नेमण्याची जुनी तरतूदच ठेवली नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे, पण तेही व्यक्तीशी सल्लामसलत करून, ठरावीक निर्णयापुरतं. मग उरतं राज्यघटनेचं 226 वं कलम, म्हणजे रिट अर्ज, आणि उच्च न्यायालय.

आणि हे सगळं कशासाठी? केंद्राच्या 2009 च्या अपंग पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये, अट 80 टक्के अपंगत्वाची. 2016 चा कायदा मात्र लक्षणीय दिव्यांगत्वाची रेघ 40 वर ओढतो. मनोरुग्णाचे टक्के काढताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम पाहतात. आई पोराला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट चढवून तपासणीला आणते, आणि ‘स्वतःची काळजी’ या रकान्यात नेमकं तेच आडवं येतं.

अर्ज कन्नडमध्ये. ‘बुद्धिमांद्य’ कुणी वाचून दाखवलं, तर मराठी आईलाही कळतं. छापील कन्नड अक्षरं मात्र तिला वाचता येत नाहीत. खूण चुकून ‘मानसिक अस्वस्थते’समोर (कन्नडमध्ये याचा अर्थ मनोरुग्णता) पडली, तर प्रकरण त्या तिघांच्या समितीच्या अखत्यारीतच राहत नाही.