रुक्मिणीचे पत्र : एका विदर्भकन्येच्या निर्णयाची पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. पुराणातले कुंडिनपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर, ते हेच, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. आषाढीच्या आधी इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. वऱ्हाडच्या लेकीला माहेरचा आहेर म्हणून पालखीसोबत साडीचोळी जाते. तिचे सगळे कौतुक लेक म्हणून आणि विठ्ठलाची अर्धांगिनी म्हणून होते. माझ्या मते तिची खरी ओळख तिने कृष्णाला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते पत्र कोणी कसे वाचले हाच तिच्या गोष्टीचा इतिहास आहे.

भागवताच्या दशम स्कंधात, बावन्नाव्या अध्यायात हे पत्र आहे. श्लोक अवघे सात. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याचे पाच मुलगे आणि एक मुलगी. थोरला रुक्मी बहिणीचे लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवतो. बापाचे मन तसे नाही, पण मुलापुढे तो गप्प बसतो. लग्नाची तयारी सुरू होते, आणि ज्या मुलीचे लग्न आहे ती एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते.

निरोपाची सुरुवात प्रेमाची आहे. तुझे गुण कानावर आले आणि माझे मन लाज सोडून तुझ्याकडे धावले, असे ती सरळ सांगते. मी तुला वरले आहे, सिंहाच्या वाट्याला कोल्ह्याने तोंड लावू नये, हेही सांगते. पण मला ती सर्वांत जवळची वाटते ती सहाव्या श्लोकात. तिथे ती कृष्णाची अडचण त्याच्या आधी ओळखते. मी अंतःपुरात राहते. माझ्या नातलगांना न मारता मला कसे नेशील, असे तुला वाटेल, तर उपाय सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, आणि नवरी नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तेवढ्यात ये. सैन्य कुणाचे असेल, दिवस कोणता, जागा कोणती, सगळे तिने ठरवलेले आहे. कुळाचाराने घातलेल्या बंधनातच तिने बाहेर पडायची वाट शोधली. आणि शेवटी, तू आला नाहीस तर व्रतांनी झिजून प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील, हा तिचा निर्धार. हरण तिचे झाले असे आपण म्हणतो खरे, पण त्या दिवसाचा सगळा बेत तिचाच होता.

ती दर्शनाला गेली त्या देवळाच्या जागेवरून आजही दोन मते ऐकू येतात. कौंडण्यपूरकर आपल्या गावचे अंबिकेचे देऊळ दाखवतात, अमरावतीकर अंबादेवीचे. दोन्हीकडची श्रद्धा मनापासूनची आहे.

या निर्णयाची किंमत तिने माहेराच्या रूपाने मोजली. पाठलाग करणाऱ्या रुक्मीला कृष्ण पकडतो आणि मारायला निघतो, तेव्हा रुक्मिणी त्याच्या पाया पडून भावाचा जीव वाचवते. कृष्ण त्याची दाढीमिशी आणि केस कापून त्याला सोडतो. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी रुक्मीची प्रतिज्ञा होती. म्हणून तो भोजकट नावाचे नगर वसवून तिथेच राहतो. पुढे बहिणीला बरे वाटावे म्हणून तो आपली नात रोचना तिच्या नातवाला, अनिरुद्धाला देतो. त्याच लग्नात द्यूताच्या डावावरून भांडण पेटते आणि बलराम रुक्मीला ठार मारतो. कृष्ण त्यावर बरे म्हणत नाही की वाईट म्हणत नाही. एकीकडे रुक्मिणी, दुसरीकडे बलराम, दोघांचेही मन त्याला मोडायचे नाही. रुक्मिणीच्या तोंडी तिथे एक शब्दही नाही. माहेरचा आहेर घेऊन जाणारी पालखी मला या तुटलेल्या नात्यापुढे फार मोलाची वाटते.

विदर्भाच्या राजकन्या साहित्यात अशाच भेटतात. महाभारतातली दमयंती नळाचे रूप घेतलेल्या देवांच्या रांगेतून खरा नळ ओळखून काढते, आणि पुढे हरवलेल्या नवऱ्याला शोधायला स्वतःच्याच दुसऱ्या स्वयंवराची बातमी पेरते. कालिदासाच्या ‘रघुवंश’ काव्यातली इंदुमती स्वयंवरात एकामागून एक राजे मागे टाकत अज राजापाशी थांबते. महाभारत जिला विदर्भराजाची मुलगी म्हणते त्या लोपामुद्रेच्या नावावर तर ऋग्वेदातले एक सूक्त आहे. तपात बुडालेल्या नवऱ्याला ती आपली इच्छा उघड बोलून दाखवते.

मराठीत रुक्मिणी आली ती एका बाईच्या तोंडून, आणि तीही अमरावती जिल्ह्यातच. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे कृष्णभक्त महानुभाव पंथाचे मोठे स्थान. तेराव्या शतकात तिथे पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू गोविंदप्रभू राहत. त्यांना एकदा आपले लग्न व्हावे अशी लहर आली. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि पंथातल्या महदंबेला धवळे, म्हणजे वरासाठी गायची लग्नगीते, गायला सांगितले. तिने गायला घेतले ते रुक्मिणीचे लग्न. हेच महदंबेचे धवळे, आणि याच रचनेमुळे ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते.

महदंबा बालविधवा होती, ही गोष्ट इथे विसरून चालणार नाही. ज्या काळात विधवेची सावलीही मांडवात नको असे, त्या काळात गोविंदप्रभूंच्या मांडवात गाण्याचा मान तिला मिळाला. त्याचे कारण पंथात आहे. चक्रधरांनी बायकांना शिष्य करून घेतले, संन्यासाचा अधिकार दिला, विटाळ मानला नाही. चक्रधरांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात महदंबा सतत काही ना काही विचारत असते, आणि चक्रधर तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात. स्वतःला नवरा निवडायची मुभा कधी न मिळालेल्या बाईने, स्वतः निवड करणाऱ्या मुलीचे गाणे रचले. धवळे वाचताना हे मनातून जात नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नरेंद्र या महानुभाव कवीने देवगिरीला ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. तिथला राजा रामदेवराव यादव याने सोन्याच्या मोबदल्यात ते काव्य आपल्या नावावर मागितले आणि कवीने कविकुळाला बोल लागेल म्हणून नकार दिला, ही आख्यायिका महानुभावांनी जपली आहे.

पण ही दोन्ही काव्ये शेकडो वर्षे घराघरांत पोचलीच नाहीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहून मठांत ठेवले. तिची उकल विसाव्या शतकात झाली, तेव्हा कुठे पंथाबाहेरच्या वाचकाला महदंबा कळली. मधल्या काळात मराठी घरांतली रुक्मिणी एकनाथांची झाली. काशीत १५७१ मध्ये पूर्ण झालेले त्यांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ अठरा प्रसंगांचे आहे. त्यात रुक्मिणी जीव आणि कृष्ण शिव. अर्थ खोल आहे आणि नाथांची ओवी गोड, यात शंकाच नाही. पत्रही त्यात आहे.

पुढे मात्र या पोथीचा उपयोग वेगळाच होऊ लागला. मुलीचे लग्न जुळत नसेल तर तिला रुक्मिणी स्वयंवराचे पारायण करायला सांगतात. वऱ्हाडातल्या खेड्यांत ही रीत आजही आहे. पोरगी आंघोळ करून पाटावर बसते, पोथी वाचते आणि घरचे स्थळे पाहत राहतात. भावाने ठरवलेले स्थळ मोडणाऱ्या मुलीची ही कथा, आणि ती वाचायची घरच्यांनी आणलेले स्थळ जुळावे म्हणून. वाचणाऱ्या मुलीला पत्राचा प्रसंग कसा वाटतो, हे तिला कोणी विचारत नाही. मला याचे वाईट वाटते, आणि ते लपवावेसे वाटत नाही.

विचारणारी बाई याच विदर्भातून पुढे आली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बायकांना एक नियम आणि पुरुषांना दुसरा का, हे विचारताना त्यांनी पुराणातल्या देवांना आणि ऋषींनाही सोडले नाही. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. २०२४ मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. तिवशाच्या किंवा मोर्शीच्या एखाद्या कास्तकाराची मुलगी तिथे शिकायला गेली, तर घरी देव्हाऱ्याजवळची नाथांची पोथी आणि वर्गातले महदंबेचे धवळे तिला एकाच आठवड्यात वाचता येतील, आणि त्या सात श्लोकांचे कुणी काय केले ते तिचे तिला पडताळता येईल.