पार्श्वभूमी : डेस्कटॉपविषयीच्या सूचनांचा प्रवास

संगणकाच्या पडद्यावरचे बटण कुठे असावे आणि त्यावर कोणता शब्द असावा, हे सुचवण्याची सोय सामान्य वापरकर्त्याला बऱ्याच उशिरा मिळाली. सुरुवातीच्या काळात त्याला संगणकासमोर बसवून तो कुठे अडतो हे केवळ पाहिले जाई. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या लिसा संगणकाच्या चाचण्यांतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. संमतीच्या बटणावर तेव्हा ‘डू इट’ असे लिहिलेले होते. त्यातील मोठा ‘आय’ हा लहान ‘एल’सारखा दिसत असल्यामुळे एका माणसाने ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मठ्ठ’, असे वाचले आणि हे यंत्र आपल्याला असे का म्हणते, असे रागाने विचारले. त्यानंतर तिथे ‘ओके’ आले. त्या माणसाने कोणताही उपाय सुचवला नव्हता, त्याची अडचण तेवढी दिसली होती. पुढच्या साऱ्या इतिहासाकडे पाहताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ घडवताना हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या ६४ फेऱ्यांत ५६० जणांनी भाग घेतला. नवख्यांना कामाला सुरुवात कुठून करावी हेच कळत नव्हते, म्हणून कोपऱ्यातील बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्द आला. एका खिडकीमागे दडलेली दुसरी खिडकी त्यांना बंद झाल्यासारखी वाटे, त्या अडचणीवर टास्कबारचा, म्हणजे उघड्या खिडक्यांची नावे दाखवणाऱ्या पडद्याच्या कडेच्या पट्टीचा, उपयोग झाला.

वापरकर्त्यांकडून उघडपणे सूचना मागवण्याचा ठळक प्रयोग उबुंटू या मोफत, लिनक्सवर आधारलेल्या संगणक प्रणालीने केला. फेब्रुवारी २००८ मध्ये तिच्यामागील कॅनॉनिकल कंपनीने ‘उबुंटू ब्रेनस्टॉर्म’ सुरू केले. तिथे कोणीही कल्पना मांडावी आणि इतरांनी तिला मत द्यावे, अशी रचना होती. परंतु लोक अडचण न सांगता थेट उपाय सांगत, आणि त्या उपायाला मत न देणाऱ्याला मूळ अडचण मान्य होती की नव्हती, हे समजायला मार्ग उरत नसे. पुढे या व्यवस्थेत अडचण वेगळी आणि तिच्यावरचे पर्यायी उपाय वेगळे मांडण्याची सोय करण्यात आली. माझ्या मते या प्रयोगाची हीच सर्वांत मोठी कमाई होती. २००९ मधील ‘वन हंड्रेड पेपर कट्स’ उपक्रमाने आणखी नेमका निकष लावला : नव्या वापरकर्त्याला सहज भेडसावणारा, लहानसा आणि सहज दुरुस्त होण्याजोगा दोष तेवढाच घ्यायचा. असे शंभर दोष त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील आवृत्तीसाठी दूर करण्याचे ठरले.

मतभेदही झाले. २०१० मध्ये उबुंटूत खिडकीची बटणे डावीकडे नेण्यात आली, तेव्हा विरोध करणाऱ्यांना उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ही लोकशाही नाही, चांगल्या प्रतिक्रिया आणि चांगली माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानाने होणार नाहीत, असे कळवले. ब्रेनस्टॉर्मही २०१३ मध्ये बंद झाले.

केवळ आकडे पाहून निर्णय घेतल्यानेही भागले नाही. विंडोज विस्टा या आधीच्या आवृत्तीपेक्षा विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा, म्हणजे ‘स्टार्ट’ बटण दाबल्यावर उघडणाऱ्या यादीचा, वापर ११ टक्क्यांनी घटल्याचे मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये सांगितले आणि २०१२ च्या विंडोज ८ मधून तो मेनू आणि त्याचे बटण वगळले. लोक मेनू किती वेळा उघडतात हे त्या आकड्यांतून दिसत होते. तो नसला तर त्यांना किती हरवल्यासारखे वाटेल, हे मात्र दिसत नव्हते. तीव्र नाराजीनंतर २०१३ मध्ये बटण आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनू परत आला. दरम्यान, २०१४ मध्ये ‘विंडोज इनसायडर’ कार्यक्रम सुरू होऊन अपूर्ण आवृत्त्याच लोकांच्या हाती जाऊ लागल्या.

मराठी वापरकर्त्यासाठी या इतिहासाला आणखी एक पदर आहे. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या अरुंद बटणात देवनागरीच्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात, आणि देवनागरी न वाचणाऱ्या परीक्षकाच्या नजरेला ते सहसा खटकत नाही. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून त्याला काम सुरू करता येत नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या बटणावरच्या कोणत्या शब्दाची कोणती मात्रा कापली गेली, हे पडद्याच्या चित्रासह कळवले, तर तो दोष त्याला स्वतःच्या संगणकावर पाहता येतो.