शिलावर्तुळांची पायी फेरी (विदर्भ)

विदर्भातील बरड माळांवर पसरलेल्या लोहयुगीन दफनभूमी जाणत्या वाटाड्याबरोबर पायी हिंडून पाहण्याची रीत. या दफनभूमींत समाधीचा चौथरा नाही, कोरलेले नाव नाही. दिसते ते काळ्या दगडांचे रिंगण आणि त्याच्या पोटात किंचित उंचावलेला गोट्या-मुरमाचा भराव. तोही गवत वाळल्यावर. नवखा माणूस दोन-तीन रिंगणे तुडवून पुढे जातो आणि विचारतो, ‘स्मशान कुठाय?’ सांगणारा नसेल तर येथली फेरी म्हणजे नुसती रपेट.

ही वर्तुळे महापाषाणीय, म्हणजे दफनासाठी मोठाले दगड रचणाऱ्या, संस्कृतीची असून त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पू. १००० ते ३०० असा धरतात. नागपूर जिल्ह्यात ती विशेष दाट आहेत : जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी. वर्धा जिल्ह्यात खैरवाडा हे मोठे स्थळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला वेगळाच प्रकार, उभ्या शिळांवर छताची शिळा टाकलेल्या खोल्या, पाहायला मिळतो. पायी फेरीला सर्वांत सोयीचे जुनापाणी. नागपूरहून काटोल रस्त्याने ते जवळ आहे आणि सुमारे ३०० वर्तुळे तेथे एकाच परिसरात, गटागटांनी आहेत.

फेरीत पहिली गोष्ट सांगितली जाते ती स्टीफन हिस्लॉप यांची. नागपूरचे हे मिशनरी भूशास्त्राचेही जाणकार होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना, घोड्यावरून पुराचे पाणी ओलांडत असता ते बुडाले. हिस्लॉप कॉलेज सगळ्या नागपूरला ठाऊक. ते ज्यांच्या नावाचे, त्यांचा शेवट एका दफनभूमीच्या वाटेवर झाला हे मात्र फारच थोड्यांना. जुनापाणीचे उत्खनन रिव्हेट-कार्नॅक यांनी केले व १८७९ मध्ये त्याविषयी लिहिले. हे गृहस्थ एके काळी मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. कापसाच्या मुलखात दगडांकडे वळलेला अधिकारी, एवढे सांगितले की ऐकणारे हसतात आणि नाव लक्षात राहते. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी जुनापाणीला, तर शां. भा. देव यांनी १९६८ पासून टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड येथे खोदकाम केले.

फेरीचा खरा जीव एकाच वर्तुळापाशी थांबून ते वाचण्यात आहे. दहा वर्तुळे घाईने दाखवणाऱ्यापेक्षा एकापाशी अर्धा तास उभे करणारा वाटाड्या बरा. बाहेरचे कडे मोठाल्या दगडांचे. आतल्या भरावाखाली मातीचे थर, त्यांत हाडे, काळी-तांबडी भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि अकीकाचे मणी. हाडे बहुधा अख्खा सांगाडा म्हणून सापडत नाहीत; देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक अस्थी येथे आणल्या असाव्यात. काही वर्तुळांत माणसाचे हाड मिळतच नाही. मग ते कुणाचे? या प्रश्नावर गटात हटकून वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. माहूरझरीला घोड्याचे अवशेष आणि त्याच्या मस्तकावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे मालकामागोमाग जनावराचाही बळी गेला असावा.

मेलेल्यांच्या माळावरून जिवंतांच्या वस्तीकडे न नेणारी फेरी अर्धवट समजावी. विदर्भात शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ती ‘पांढरी’. जुन्या वस्तीचे टेकाडही राखेने, घराच्या मातीने पांढरट पडलेले असते आणि नेमके तेच पुरातत्त्वज्ञ शोधतात. टाकळघाटला वस्ती, शेजारच्या खाप्याला दफने अशी जोडी त्यातूनच हाती आली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी, तिच्या मातीच्या विटा व भात्याच्या नळीसकट सापडली. वर्तुळातली कुऱ्हाड कुठून आली, याचे उत्तर अशा भट्टीपाशी मिळते.

हंगाम दिवाळीनंतरचा, होळीच्या आत. पायांत बूट हवेतच. कुसळे मोज्यांत शिरतात, आणि दगडांच्या फटींत हात घालू नये हे सापांच्या भागात वेगळे सांगायला नको. बरीच वर्तुळे खासगी शेतांत आहेत, तेव्हा शेतकऱ्याला विचारूनच धुरा (शेताचा बांध) ओलांडावा. मणी किंवा खापर उचलायचे नाही. संरक्षित स्थळी १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा लागू होतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतालच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई आहे. मुरूम उपसणारे, धुऱ्यासाठी दगड ओढून नेणारे आणि गुप्तधनाच्या आशेने रात्री खणणारे यांनी मात्र कायद्याची पाटी फारशी वाचलेली दिसत नाही.

जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा संबंध आकाशातील दिशांशी असावा असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. त्यावर एकमत नाही. भर दुपारच्या उन्हात हे खळगे दिसत नाहीत. ऊन तिरपे झाले की प्रत्येक वाटीत सावली भरते. म्हणून अनुभवी वाटाड्या हा दगड शेवटाला ठेवतो आणि चार वाजेपर्यंत लोकांना बोरीखाली बसवतो.